चुकलेला ठोका

डाव्या कुशीवर वळलो आणि कान उशीत रुतला, की मला माझं हृदय ऐकू येतं. दिवसभर त्याचा पत्ता नसतो. रात्री मात्र लब-डब, लब-डब. एकदा ऐकू आलं की झोप गेलीच. मग मी ठोके मोजू लागतो आणि कुणी मोजतंय म्हटल्यावर तेही जरा भरभर चालतं.

परवा असंच मोजताना एक ठोका गायब झाला. क्षणभर सामसूम, मग छातीत धाडकन दणका. सकाळी उठून आधी डॉक्टर गाठले. त्यांनी ईसीजी काढला, कागद पाहिला आणि म्हणाले, "चुकला नाही हो. त्याने घाई केली."

म्हणजे असं, की एखादा ठोका वेळेआधीच पडतो. तेव्हा हृदयात रक्त पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो जाणवत नाही. मग हृदय नेहमीपेक्षा थोडं जास्त थांबतं, तेवढ्यात रक्त जादा भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. मी घाबरलो होतो तो या ठोक्याला, घाई केलेल्याला नाही. धडधाकट माणसालाही अधूनमधून असं होतं म्हणे. (सोबत चक्कर आली, छातीत दुखलं, तर मात्र उशीवर पडून मोजत बसू नये.)

'काळजाचा ठोका चुकला' या म्हणण्यात ठोका तर चुकत नाहीच, पण काळीजही चुकीचंच आहे. काळीज म्हणजे मुळात यकृत! गंमत अशी, की गॅलेन या ग्रीक वैद्याच्या मते रक्त यकृतातच तयार व्हायचं आणि शरीरभर जाऊन संपून जायचं. हे जवळजवळ दीड हजार वर्षं चाललं. मग विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने साधा गुणाकार केला. एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त गुणिले ठोके. इतकं रक्त रोज नव्याने करायला माणसाने खावं तरी किती? तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असणार, असं त्याने 1628 साली छापलं. आजचे आकडे घेतले तर ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर, मिनिटाला 72 ठोके, म्हणजे पाच लिटर. अंगात एकूण रक्तही जवळपास तेवढंच.

आणि तो लब-डब? मला वाटायचं, हा कामाचा आवाज. तो निघतो झडपा मिटताना. दारं लावल्याचाच आवाज म्हणा ना! मिनिटाला 72 ठोके धरले, तर एका ठोक्याच्या 0.8 सेकंदात हृदय जेमतेम 0.3 सेकंद आवळलेलं असतं, बाकी वेळ सैल. त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं तेही बहुतेक या सैल वेळात. अविश्रांत राबणारं म्हणून आपण त्याला उगाच मिरवतो.

हार्वेच्या पुस्तकात बांधलेल्या हाताची चित्रं आहेत. त्यातला एक प्रयोग मी हल्ली पडल्यापडल्या करतो. हाताच्या पाठीवरची एखादी हिरवट शीर बोटांच्या बाजूला दाबून धरायची आणि दुसऱ्या बोटाने तिथून मनगटाकडे रक्त सारत न्यायचं. शीर सपाट होते. मनगटाकडचं बोट उचललं तरी, वाटेत झडप असली तर, सपाटच राहते. रक्ताला मागे फिरता येत नाही. मग पहिलं, दाबून धरलेलं बोट उचलायचं. शीर टचकन भरते, मनगटाच्या दिशेने.