उलटी फिरणारी रिंग

पेट्रोलची टाकी. नुसती टाकी. तिच्यावर एक हातमोजा आणि ऑईलच्या दुकानाच्या नावातलं दीड अक्षर. शनिवारच्या मोटरसायकल रेसमधला माझा सगळ्यात कडक फोकस असलेला फोटो हा होता आणि तो मला अण्णांना दाखवायचा होता.

अण्णांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याला हाताची सावली केली, डोळे बारीक केले आणि विचारलं, "गाडी कुठाय?"

गाडी होती. फ्रेमच्या बाहेर होती.

मी मूळचा लग्नाचा फोटोग्राफर. जून उजाडला की आमचे तारखांचे रकाने रिकामे पडतात आणि डोकंही रिकामं होतं. अण्णांचं गॅरेज माझ्या स्टुडिओच्या मागच्या बोळात. कोल्हापूरला गाड्यांचं वेड नवं नाही. ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक ही रेसिंगमधली नावं इथलीच. अण्णांचं वेड मात्र दोन चाकांचं. गल्लीतल्याच एका पोराला त्यांनी १६५ सीसीवर तयार केलं आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या फेरीला उतरवलं. मला म्हणाले, "तू चल. जेवण-खाण माझं. फक्त स्टिकर वाचता यायला पायजेत. पैसे ऑईलच्या दुकानवाल्यानं दिलेत."

जायला सोपं आहे, म्हणजे वळायचं कुठं हा प्रश्न पडत नाही. कोल्हापूरवरून जाणारा ४८ नंबरचा महामार्ग बेळगाव, हुबळी, बंगळूर करत थेट चेन्नईला जातो आणि ट्रॅक त्याच रस्त्याला लागून आहे. मागं टेम्पोत गाडी, टायर, जॅक, ताडपत्री, आणि पुढं आम्ही तिघं. वाटेत बंगळूरला थांबून मी भाड्यानं एक लेन्स घेतली, १५०-६०० मिलिमीटरची झूम; आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं.

ही लेन्स घ्यायचं मी वर्षभर घोकत होतो. माझ्याकडं कॅननची सेव्हन डी मार्क टू बॉडी (म्हणजे नुसता कॅमेरा) आणि लग्नातली ७०-२०० एफ २.८ लेन्स. मांडवात तिच्यासारखी लेन्स नाही, पण ट्रॅकवर २०० म्हणजे गाडीच्या चौपट डांबर. टू-एक्स एक्स्टेंडर, म्हणजे आकडा दुप्पट करणारी मधली काच, लावून १४०-४०० करता येतं, ते मी एकदा मोटोक्रॉसला करून पाहिलं होतं. ऑटोफोकस इतका मंदावतो की गाडी उडी मारून खाली उतरते तेव्हा तो हवेत शोधत असतो. मिररलेसला, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडं, जायचं तर बॉडीसकट सगळं बदला, आणि तेवढी लग्नं मी वर्षात करत नाही. राहिली १५०-६००. माझ्या बॉडीचा सेन्सर छोटा, म्हणजे ६००चा नजारा ९६० इतका अरुंद. डोक्यात एकच चित्र होतं: हेल्मेटची काच आणि तिच्याआडचे डोळे.

विकत घेण्याआधी भाड्यानं घेऊन बघावी एवढी अक्कल मला होती, हे नशीब.

शनिवारी सकाळी सरावाच्या वेळी लेन्स छान चालली. ऊन कोवळं होतं, मी लांबून ६००वर धरून बसलो होतो, रिंग हलवायची गरजच पडली नाही. डोळे दिसले. मी खूश. अकरा वाजले आणि डांबरावर झळा नाचायला लागल्या. तेच पोरगं, तीच गाडी, तेवढंच अंतर, आणि फोटो बघावा तर कुणीतरी ओल्या बोटानं पुसल्यासारखा. आधी वाटलं फोकस चुकला. मग वाटलं हात हलला, म्हणून शटर १/२००० सेकंद केलं. काही फरक नाही. लेन्स आणि गाडी यांच्यामध्ये दीडशे मीटर तापलेली हवा होती आणि ती प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी वाकत होती. त्यावर कुठल्याही किमतीची काच काही करू शकत नाही. जवळ जाणं एवढाच इलाज.

म्हणून दुपारच्या रेसला मी जवळ गेलो. मार्शलला विचारून एका वळणाच्या आतल्या बाजूला, बॅरियरच्या मागं जागा धरली. तिथून गाड्या नव्वदेक मीटरवर वळणात शिरताना दिसत आणि तीन-चार सेकंदांत माझ्यापासून बारा मीटरवरून जात. म्हणजे एवढ्या वेळात ६००वरून १५०वर यायचं.

आता घोटाळा सांगतो. माझा डावा हात गेली अकरा वर्षं कॅननची झूम रिंग फिरवतोय. हळद असो, अक्षता असो, वरात असो, हात डोक्याला न विचारता फिरतो. भाड्याची लेन्स दुसऱ्या कंपनीची होती आणि तिची रिंग उलट्या दिशेनं फिरते. वाईट नाही, फक्त उलटी. निकॉनवाल्याला ती घरची वाटेल. मला हे दुकानातच कळलं होतं, सरावात आठवलंही होतं. पण रेस सुरू झाली, पंधरा-सोळा गाड्या एकमेकींना घासत वळणात शिरल्या, त्यात आमचं पोरगं चौथ्या नंबरावर, आणि माझ्या हातानं अकरा वर्षांच्या सवयीनं रिंग फिरवली. दृश्य मागं सरायच्या ऐवजी अंगावर आलं. मी दचकलो आणि आणखी जोरात त्याच बाजूला फिरवली.

टाकी. हातमोजा. दीड अक्षर.

पुढच्या फेऱ्यांत मी शुद्धीवर आलो, पण मग लक्ष रिंगेतच अडकलं आणि गाडी निसटायला लागली. त्यातही एकदा बरोबर वेळेला १५०पर्यंत आलो, तर गाडीचं पुढचं चाक आणि शेपूट दोन्ही कापलेली. बारा मीटरवर १५० माझ्या बॉडीला पावणेदोन मीटरच दाखवते आणि गाडी दोन मीटरची. हे गणित पाचवीतलं पोरगं करेल. मी वर्षभर फक्त मोठ्या आकड्याकडं बघत होतो. लहान आकडा मला भाव विचारायलाही आठवला नाही.

माझ्या डावीकडं साठीच्या पुढचे एक तमिळ फोटोग्राफर उभे होते. डोक्यावर ओला पंचा, पायात चपला नव्हे तर जाड तळव्याचे जुने बूट. सगळी रेस त्यांनी माझा खेळ पाहिला होता. लाल झेंडा पडून रेस थांबली आणि दहा मिनिटं मिळाली तेव्हा जवळ आले आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "तंबी (म्हणजे धाकट्या भावा), तुम गाडी के पीछे भागता. गाडी को आने दो."

"सर, लेन्स उल्टा घूमता है," मी कारण पुढं केलं.

ते हसले. माझी लेन्स हातात घेऊन तोलली, परत दिली आणि स्वतःची दाखवली: कॅननची १००-४००, २०१४ साली आलेली दुसरी आवृत्ती. पहिली, १९९८ची, सायकलच्या पंपासारखी पुढं-मागं ओढायची असायची. तीही त्यांनी बरीच वर्षं वापरली होती. "कल सुबह ये लेके देखो," म्हणाले. मी कोण, कुठला, काही विचारलं नाही. मी पाया पडायला वाकलो तर मागं सरकले.

रात्री लॉजवर अण्णांना टाकी दाखवली. ते पुढं काहीच बोलले नाहीत. जेवताना पोराच्या ताटात दोन अंडी जास्त वाढली आणि माझ्याकडं पातेलं सरकवलं. मला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

रविवारी सकाळच्या वॉर्मअपला सरांची लेन्स माझ्या बॉडीवर चढली. वजन दीड किलोच्या आसपास, भाड्याची दोन किलोची. ऐकायला फरक अर्धा किलोचा, पण वीस मिनिटं हातावर धरून डाव्या मनगटाला विचारा. रिंग घरच्या दिशेनं फिरली. शिवाय झूम घट्ट-सैल करायची वेगळी कडी आहे, ती त्यांनी मला पार सैल करायला लावली. दोन बोटांत ४००वरून १००. ४०० कमी पडतं का? लांबून शिरणारी गाडी फ्रेममध्ये छोटी येते, हो. कापून घ्यायची. गाडी पुढून येताना वीस मेगापिक्सेलमध्ये तेवढी मोकळीक आहे.

मग त्यांनी माझे पाय बघितले. मी गाडी जिकडून येते तिकडं तोंड करून उभा होतो. त्यांनी माझ्या बुटाला बुटानं हलकं ढकलत पाय गाडी जिथून जाणार त्या दिशेला वळवले. आता येणाऱ्या गाडीकडं बघायला कमरेतून पीळ घ्यावा लागे, आणि गाडी जवळ येईल तसा पीळ आपोआप सुटे. कोपर बरगडीला, श्वास अर्धा सोडलेला, शटर दाबल्यावरही अंग फिरतं ठेवायचं. लग्नात आपण थांबून फोटो काढतो. इथं थांबलात की चाक थांबतं. १/१०००ला काढलेली गाडी शोरूमच्या दारात लावल्यासारखी दिसते. १/१२५ला चाकाच्या आऱ्या विरघळतात, १/६०ला मागचं कुंपण रेघा होतं.

पण मद्रासच्या उन्हात १/६० म्हणजे लेन्सचं छिद्र एफ २०पर्यंत बंद करणं, आणि तसं केलं की सेन्सरवरची धूळ मुरमांसारखी आकाशात उठून दिसते. इथं माझ्या बॅगेतली एक वस्तू कामाला आली, जिचा मी विचारच केला नव्हता: लग्नाच्या ७०-२००वरचा ७७ मिलिमीटरचा पोलरायझर, चकाकी गाळणारा फिल्टर. १००-४००चं तोंडही ७७चंच! निम्म्याहून जास्त प्रकाश गाळला गेला, आणि त्याहून मोठं काम झालं ते स्टिकरवर. गाडीच्या पोटाखालच्या प्लॅस्टिकवर उन्हाचा जो पांढरा चट्टा पडत होता, तो रिंग थोडी फिरवताच उतरला आणि खालून ऑईलच्या दुकानाचं नाव वर आलं, जसं ताटावरची वाफ पुसल्यावर नक्षी दिसते. भाड्याच्या लेन्सचं तोंड ९५चं. त्या मापाचा पोलरायझर घ्यायचा तर वेगळं बजेट.

वॉर्मअप संपला तशी मी लेन्स परत करायला गेलो. सर म्हणाले, "रेस के बाद." स्वतः दुसऱ्या बॉडीवर ३०० एमएमची जुनी एफ ४ लावून वळणाच्या पलीकडं निघून गेले.

दुसरी रेस मी एकाच जागेवरून केली. साधारण साडेतीनशे फ्रेम, त्यातल्या कामाच्या अकरा. पॅनिंगमध्ये, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढण्यात, हे प्रमाण लाजेचं नाही, असं मला नंतर कळलं. तेव्हा मात्र प्रत्येक फेरीनंतर पडदा बघून पोटात गोळा येत होता. सहाव्या फेरीला आमचं पोरगं आतून घुसलं, गुडघा डांबराला टेकायला दोन बोटं कमी, पुढचा वाट देत बाहेर फेकला गेला. १६० एमएम, १/८०. हेल्मेट कडक, स्टिकर कडक, दोन्ही चाकं फिरती, बाकी सगळं वाहून गेलेलं. डोळे दिसत नाहीत. काचेवर आकाश आहे.

पोरगं सातवं आलं. अण्णांनी टायर हाताळून पाहिले, मग माझा पडदा. बराच वेळ बघत राहिले. "नंबर वाचता येतोय की रं," म्हणाले. त्यांना रेसमधला नंबर म्हणायचा नव्हता, दुकानाचा फोन नंबर म्हणायचा होता.

परतताना बंगळूरला भाड्याची लेन्स परत केली. दोन महिन्यांनी वापरलेली १००-४०० मिळाली, पुण्यात. टॉर्च मारून आत बुरशी बघितली, ट्रायपॉडला जोडायच्या कॉलरचा स्क्रू बघितला, पूर्ण लांब करून उभी धरली तर नळी आपोआप खाली घसरते का ते बघितलं. विकणारा पक्ष्यांचे फोटो काढणारा होता आणि १५०-६०० घेण्यासाठी ही काढत होता. "चारशे पुरत नाही हो," म्हणाला. पाणवठ्यावर पहाटे बसणाऱ्याला नाहीच पुरत. मी घासाघीस करून भाव केला आणि त्याचं म्हणणं खोडायच्या भानगडीत पडलो नाही. लग्नात ती आता विहिणींच्या पंगतीतले चेहरे लांबून टिपायलाही चालते, आणि एका मीटरच्या आत फोकस होत असल्यानं मेंदीलासुद्धा.

गणपतीच्या आधी चौकात अण्णांचं डिजिटल फलक लागलं, वीस बाय दहा. वर 'हार्दिक अभिनंदन', दोन्ही बाजूंना मंडळाच्या कार्यकर्त्यांचे एकवीस चेहरे, गॉगलसकट. सहाव्या फेरीतला माझा फोटो खालच्या उजव्या कोपऱ्यात, डिझायनरनं मागच्या रेघा खोडून गाडी कापून घेतलेली आणि मागं आगीच्या ज्वाळा लावलेल्या. ऑईलचं दुकान मात्र रस्त्याच्या पलीकडून वाचता येत होतं.