निरंक

दरवर्षी गटसाधन केंद्रातून शाळांना एक तक्ता जातो. २०१६च्या दिव्यांग कायद्यातले २१ प्रकार आडवे, इयत्ता उभ्या. 'विशिष्ट अध्ययन अक्षमता', म्हणजे बुद्धी असूनही वाचणं-लिहिणं अडणं, ह्या रकान्यात बहुतेक मुख्याध्यापक डोळे मिटून 'निरंक' लिहितात. कुबडी दिसते, हे दिसत नाही. मी समावेशित शिक्षणाचा विशेष शिक्षक, कंत्राटी. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या शाळा एका मोटारसायकलवर.

नोव्हेंबरात एका दोन शिक्षकी शाळेत पाचवीचा पोरगा माझ्यापुढे बसवला. बापाने नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरलेला, गाईड आणलेलं. चाचणीत मार्क मात्र २० पैकी ४. "आळशी आहे, बाकी काही नाही," वर्गशिक्षक त्याच्यासमोरच म्हणाले.

धडा वाच म्हटलं, तर घडाघडा वाचला. गुरुजींचा चेहरा फुलला. मग मी शेवटच्या ओळीपासून वर वाचायला लावलं. दुसऱ्याच शब्दावर गाडी अडली. धडा पाठ होता, तो चित्र बघून बोलत होता. मग अर्थ नसलेले शब्द काढले: टामूक, मिकूप. ते पाठ असू शकत नाहीत, म्हणून मला ते फार आवडतात. 'मिकूप'चं 'मकीप' झालं. पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, असा शब्दच नाही." खरं होतं.

आकडे लिहायला सांगितले. सत्तावीस म्हटलं, त्याने ७२ लिहिलं. आधी सात ऐकू आला, आधी सात लिहिला. २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'शेजारी 'वीस सात' छापलं, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने टर उडवली. मीही हसलो होतो.

मग पाटी बाजूला ठेवून विचारलं, "आईनं अठ्ठावीस किलो कापूस वेचला, दहाचा भाव, दीडशे उचल घेतलेली. हाती किती?"

"एकशेतीस." मी अजून बोटांवर मोजत होतो.

हाच पोरगा तिसरीत असताना मी त्या शाळेत गेलो होतो. त्याने कविता म्हणून दाखवली, मी टाळ्या वाजवल्या आणि सही करून निघालो. आठ वर्षं पूर्ण झाली की प्रमाणपत्रासाठी तपासता येतं. तो तेव्हा आठचाच होता.

दुपारी बाप वावरातून आला. मी समजावलं.

"म्हंजे पोट्टं येडं नाही?"

"नाही भाऊ. बुद्धी चांगली आहे. अक्षरं त्याला दगा देतात."

"मंग नवोदयवाल्याइले सांगा ना, तोंडी पेपर घ्या म्हणा. या सालचा वेचणीचा हिशेब यानंच केला."

मी दहावीच्या सवलती सांगू लागलो. प्रमाणपत्र असलं की तासामागे २० मिनिटं जास्त, लेखनिकही मिळतो.

"दहावीले? आता पाचवीत हाय, सर. तवरोक टिकन का हा शाळेत?"

मी जिल्हा रुग्णालयातल्या तपासणीचा कागद बापाच्या हातात दिला. त्याने घडी घालून खिशात ठेवला. तपासणीला एका खेपेत भागत नाही आणि वेचणी ऐन भरात होती.

निघताना मुख्याध्यापक गाडीपाशी आले. "सर, तक्त्यात काय लिहू? प्रमाणपत्र तर नाही."

"१ लिहा," म्हणालो आणि किक मारली. त्यांनी लिहिलं का, ते अजून पाहिलेलं नाही.