सॅमनच्या वाटेने सीमेपार: ओरोव्हिल ते पेंटिक्टन

कॅनडातून अमेरिकेत वाहणाऱ्या ओकानागन नदीतले सॉकआय सॅमन मासे अंडी घालताना बघायचे असतील तर ऑक्टोबरचा मध्य गाठा. सप्टेंबरात ओकानागन फॉल्सला सील्क्स या इथल्या मूळनिवासी लोकांचा सॅमनचा उत्सव असतो, जेवण आणि गाणी भरपूर, पण नदीत खरी गर्दी नंतर होते.

आमच्या गटात वॉशिंग्टन राज्यातले स्वयंसेवक होते, कोलव्हिल आरक्षणातली, म्हणजे मूळनिवासी जमातींच्या राखीव प्रदेशातली, काही वडीलधारी मंडळी होती आणि सिएटलचे आम्ही काही मराठी. आमच्यासाठी ही सांस्कृतिक देवाणघेवाण, पण आरक्षणातल्या मंडळींना सीमेपलीकडच्या नातेवाइकांकडे जायचं होतं. १८४६ च्या करारात ४९ व्या अक्षांशावर सीमा ठरली ती सील्क्सांच्या मुलखातूनच. ओसोयूस तलावाचेही दोन देशांत दोन भाग झाले. मासा मात्र दोन्हीकडचा. त्यामुळे तो वाचवायचा तर दोन्हीकडच्यांना एकत्र बसावंच लागतं.

हा मासा अंडी घालायला समुद्रातून नदीत वर चढत येतो. समुद्रापासून इथवर हजारेक किलोमीटर. वाटेत कोलंबिया नदीवर नऊ धरणं, प्रत्येकावर माशांसाठी पायऱ्यांचा मार्ग. वेनॅचीजवळच्या रॉकी रीच धरणावर काचेतून मासे वर चढताना दिसतात. सॉकआयसाठी तिथे जुलैत जायला हवं, ऑक्टोबरात ते केव्हाच पुढे गेलेले असतात. शेवटचं वेल्स धरण ओलांडलं की ब्रूस्टरजवळ ओकानागन नदीचं तोंड लागतं आणि तिथे मासा अडतो. पाणी साधारण २२ अंशांच्या वर तापलं की तो आत शिरत नाही, कोलंबियाच्या त्यातल्या त्यात गार पाण्यात थांबून राहतो. २०१५ च्या उन्हाळ्यात हे थांबणं फार लांबलं आणि मासे प्रचंड संख्येने मेले.

त्याआधीचं दुखणं वेगळं. १९५० च्या दशकात पूर येऊ नयेत म्हणून नदी सरळ करून बांधात घातली, वळणं गेली, अंडी घालायला खडीचा तळ उरला नाही. पुढे १९९० च्या दशकात परतणारे मासे काही वर्षी जेमतेम काही हजार. मग ओकानागन नेशन अलायन्स या सील्क्सांच्या संघटनेने काम हाती घेतलं. २००४ पासून स्काहा तलावात पिल्लं सोडली, २००९ मध्ये मॅकिंटायर बंधाऱ्यातून मासा वर जाईल असे बदल झाले, आणि २०१४ मध्ये पेंटिक्टनला हॅचरी, म्हणजे माशांची अंडी उबवायचं केंद्र, उभी राहिली. तिला पैसा वॉशिंग्टनच्या ग्रँट आणि शेलान काउंटींच्या वीज कंपन्यांनी दिला, धरणांनी केलेल्या नुकसानीची भरपाई म्हणून. वेनॅचीच्या वीजबिलावर कॅनडात अंडी उबतात! आमच्या भेटीतल्या सगळ्या भाषणांतून मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटली. भाषणं तशी जरा जास्तच झाली.

हॅचरी बघा, पण वेळ राखून ठेवा ऑलिव्हर गावासाठी. तिथे नदीच्या बांधावरून चालायची-सायकलची वाट आहे, अगदी सपाट, आजी-आजोबाही आरामात जातील. पोलराइज्ड चष्मा नक्की न्या, नाहीतर पाण्यावरची चकाकीच बघत बसाल. अंग लालभडक, डोकं हिरवं, नराच्या पाठीला कुबड आणि तोंडाला आकडा. मादी कुशीवर वळते, शेपटीचे चार-पाच फटके मारते, गाळ उडतो आणि शेवाळलेल्या खडीत स्वच्छ धुतलेला फिकट खळगा दिसू लागतो. तिची शेपूट झिजून पांढरी पडलेली असते. अंडी घालून झाली की काही दिवसांत ती मरते, त्यामुळे काठावर वास असतोच. पाण्यात पाय घालू नका, खळगे तुडवले जातात. कुत्रा असेल तर पट्टा हवा.

भेटीतल्या जेवणाआधी सील्क्सांची चार अन्नप्रमुखांची कथा सांगितली गेली: काळं अस्वल, सॅमन, बिटररूटचं मूळ आणि सास्कटून बेरी. प्रार्थना आणि गाणी सुरू असताना मोबाइल खिशात ठेवा, फोटोला आधी विचारा. निखाऱ्यांवर भाजलेला सॅमन उत्तमच. शाकाहाऱ्यांना बॅनक म्हणजे मैद्याची जाड भाकरी आणि बेरी मिळतात, तेवढ्यावर पोट भरत नाही. डबा सोबत ठेवा.

डब्यात फळं मात्र नकोत. दोन्ही बाजूंना सफरचंदांच्या बागा आहेत आणि सीमेवर ताज्या फळांची चौकशी हमखास होते. ओरोव्हिल-ओसोयूस नाकं चोवीस तास उघडं असतं. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. ग्रीन कार्ड असेल तर तो लागत नाही, पण कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही हवेत. एच-१बी वाल्यांनी परतीच्या व्हिसाची तारीख निघण्याआधीच तपासावी.

येताना वेळ असेल तर हायवे ९७ सोडून ब्रिजपोर्टला वळा. तिथल्या चीफ जोसेफ धरणाला माशांचा मार्गच नाही. पायथ्याशी कोलव्हिल जमातींची २०१३ ची हॅचरी आहे. त्याच्याही वर ग्रँड कूली धरण. त्याच्या पाण्यात केटल फॉल्स बुडणार म्हणून जून १९४० मध्ये जमातींनी तिथे जमून आपल्या मासेमारीच्या जागेचा शोक केला होता. वरच्या पाण्यात सॅमन पुन्हा नेण्यासाठी २०२३ मध्ये २० वर्षांत २० कोटी डॉलर देण्याचा करार झाला आहे. ब्रिजपोर्टला खाण्यापिण्याची फारशी सोय नाही, ओमॅकलाच जेवून घ्या.