सासष्टीतल्या जुन्या घरांतला उजेड

वेंगुर्ल्याजवळचं आमचं घर आजोबांच्याही आधीचं. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मग ओटी, आणि त्यामागे भर दुपारीही बटण दाबावं लागतं असं माजघर. यंदा दादाने ते नीट करायला काढलं आणि वहिनीच्या फोनवर ‘हेरिटेज लुक’चे रील धडाधड येऊ लागले. छताला प्लायवूडच्या पोकळ तुळया, भिंतीला विटांचं चित्र छापलेला कागद, पितळी घंगाळात प्लास्टिकचं निवडुंग. सुताराने ‘पोर्तुगीज ष्टाईल’चा वेगळा दरसुद्धा सांगून ठेवला. मी म्हटलं, “वहिनी, पोर्तुगीज ष्टाईल बघायचीच तर गोव्याची हद्द इथे हाकेवर आहे. आधी दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातली घरं बघू, मग सुताराशी बोलू.” दादाला गाडी बाहेर काढायला निमित्तच हवं असतं.

जुवारीचा नवा पूल उतरताना उजव्या हाताला चिखलीकडची खाडी लागते. त्या चिखलात एक चपटा शिंपला होतो, बशीएवढा आणि इतका पातळ की उजेडासमोर धरला तर पलीकडची बोटं दिसावीत. काच दुर्मिळ आणि महाग होती तेव्हा गोव्यात हाच शिंपला चौकोनी कापून खिडक्यांना बसवत. आता हा जीव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे नवी शिंपल्यांची खिडकी करून घेणं जवळपास बंदच झालं. हे मी गाडीत सांगितलं तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

पहिला थांबा लोटली. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांचं घर आम्ही रस्त्यावरूनच पाहिलं. राहत्या घरात उगाच डोकावणं बरं नाही. फिगेरेदोंच्या घरात मात्र पाहुण्यांना घेतात. मूळ घर १५९०च्या सुमाराचं, म्हणजे ताजमहालाच्याही आधीचं, असं घराण्यात सांगतात. मला तिथे सगळ्यात भावला तो बलकांव. पायऱ्या चढल्या की समोरासमोर दोन पक्की बाकं, वर खांबांवर तोललेलं छप्पर. संध्याकाळी इथे टेकायचं आणि रस्त्याने जाणाऱ्याची चौकशी करायची. आमच्याकडे पडवीला लोखंडी ग्रिल ठोकून तिची खोली करायची टूम निघाली आहे. दादाच्या यादीतही ते ग्रिल होतं. बलकांवात पाच मिनिटं बसल्यावर त्याने स्वतःहूनच ते काढून टाकलं.

सासष्टीतली ही बहुतेक घराणी मुळातली हिंदू, सोळाव्या शतकापासून ख्रिस्ती होत गेलेली. घराची जुनी घडी त्यांनी पुरती मोडली नाही. आतला चौक, ज्याला गोव्यात राजांगण म्हणतात, पुष्कळ घरांत तसाच राहिला. फरक पडला तो दर्शनी बाजूला. हिंदू वाडा राजांगणाकडे तोंड करून बसतो आणि रस्त्याला बहुधा नुसती भिंत दाखवतो. ही घरं रस्त्याकडे वळली, नटली, आणि त्यांच्या खिडक्या जमिनीपर्यंत उतरल्या. एकदा खिडक्या एवढ्या मोठ्या झाल्या की आतल्या सजावटीचं सगळं गणितच पालटतं. ते चांदरला नीट कळलं.

चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, भोज आणि कदंब राजघराण्यांच्या काळातली राजधानी. चर्चसमोरच्या मैदानाची एक अख्खी बाजू ब्रागांझांच्या घराने व्यापली आहे. वरच्या मजल्यावर ओळीने २४ खिडक्या. मधोमध जिना, त्याच्या पश्चिमेला मिनेझिस ब्रागांझा आणि पूर्वेला ब्रागांझा परेरा, अशा एकाच घराण्याच्या दोन शाखा. दोन्हीकडे वेगळं आत जायचं आणि दोन्हीकडे वेगळी देणगी ठेवायची. ठेवावीच. एवढ्या कौलांचा एका पावसाळ्याचा खर्च काय होतो हे आम्हा कोकणातल्यांना सांगायला नको.

पश्चिमेकडे लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८-१९३८) यांचा ग्रंथसंग्रह आहे. पोर्तुगीज राजवटीवर पोर्तुगीजमधूनच आसूड ओढणारा हा पत्रकार. पणजीत त्यांच्या नावाची संस्था आहे. दादा तिथेच रमला. मी आणि वहिनी पूर्वेकडे गेलो.

घर दाखवणाऱ्या आंटी आधी अंधारातच उभ्या राहिल्या. “हात लावूं नाकात हां,” हात लावू नका, एवढं कोंकणीत बजावून त्यांनी आतली लाकडी झडप उघडली, पण बाहेरची शिंपल्यांची दारं तशीच मिटलेली ठेवली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि दिवाणखान्यात असा मऊ, पसरलेला उजेड आला की खुर्चीची सावलीसुद्धा धड पडेना.

मी खिडकीला नाक लावून बघितलं (हात नाही लावला). लाकडी चौकटीत बारीक पट्ट्या, पट्ट्यांना खाचा, आणि त्या खाचांत एकाशेजारी एक सरकवलेले शिंपल्याचे चौकोनी तुकडे. प्रत्येकावर वाढीच्या बारीक रेषा. काही तुकड्यांत उलट्या ‘व्ही’ अक्षरासारखी खूण दिसते. शिंपल्याचे दोन भाग जिथे जोडलेले असतात तिथली ती. रंग पांढरा म्हणावा तर पांढरा नाही, मान थोडी हलवली की गुलाबी-हिरवी झाक येते. एका चौकटीत तीन-चार तुकड्यांच्या जागी साधी दुधी काच घातली होती. तिथून येणारा उजेड लगेच वेगळा कळत होता, सपाट आणि करडा.

आता बाकीच्या खोलीकडे बघा. छत जस्ताच्या पत्र्यांचं, वर फुलं रंगवलेली. जमीन संगमरवरी. भिंतींवर मोठे बिलोरी आरसे, वर स्फटिकांची झुंबरं. हे सगळं श्रीमंती मिरवायला आणलं होतं यात शंका नाही. पोर्तुगालचा राजा दों लुईस याने भेट दिलेल्या दोन उंच पाठीच्या खुर्च्या त्याच दिवाणखान्यात मानाने मांडल्या आहेत. पण मांडणी करणाऱ्याला उजेड कळत होता. गुळगुळीत जमीन खिडकीतला उजेड उचलून छताला देते, आरसा तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचवतो, आणि रात्री मेणबत्तीच्या एका ज्योतीच्या झुंबर शंभर करतं. विजेचा दिवा लावलेलं झुंबर मला नेहमी उगाचच वाटत आलं होतं. ते कशासाठी असतं हे इथे कळलं.

आणखी एक. शिसवी सामान काळंभोर आणि जड, तरी खोली कोंदट वाटत नाही, कारण सगळं भिंतीला लावून ठेवलंय. मधली जमीन नाचासाठी मोकळी. बैठकी वेताच्या विणीच्या, म्हणजे गोव्याच्या घामट हवेत पाठीला वारा लागतो आणि लाकडाचा जडपणाही डोळ्यांना कमी होतो. आपण मात्र हॉलच्या मधोमध फुगीर सोफा कोंबतो, त्यासमोर टीपॉय, आणि मग भिंती हलक्या रंगाच्या हव्यात म्हणून रंगाऱ्याच्या मागे लागतो.

घरच्या चॅपेलमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नखाचा अवशेष जपलेला आहे. वहिनीने डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. आंटींना ते आवडलं असावं, कारण मग त्यांनी पुढच्या खोल्या अंमळ सावकाश दाखवल्या.

केप्याला पोचेपर्यंत भूक लागली होती. कुशावतीच्या काठावर डीन (चर्चमधला वरिष्ठ धर्मगुरू) जुझे पाउलु द आल्मेदा याने १७८७ साली बांधलेलं घर आहे, समोरच त्याने उभारलेलं चर्च. पडझड झालेली ही वास्तू अलीकडच्या काळात एका दांपत्याने कष्टाने उभी केली. चांदरच्या मानाने इथे झगमगाट कमी, आणि म्हणूनच आमच्यासारख्यांना इथून शिकण्यासारखं जास्त. मी खोल्यांपेक्षा भिंतीच जास्त बघितल्या. जांभा पाणी पितो. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी असली की ती ओल बाहेर पडून वाळते. वरून प्लास्टिक पेंट चढवला की ओल आतच कोंडते आणि दुसऱ्या पावसाळ्याला फोड येतात. आमच्या ओटीच्या भिंतीवर ते फोड आहेतच, दादा त्यांना ‘नकाशे’ म्हणतो. सासष्टीतल्या घरांचे बाहेरचे पिवळे, हुरमुंजी, निळे रंगही पूर्वी चुन्यातच कालवलेले असत, आणि कडांना पांढरी किनार. रंग दरवर्षी थोडा उडायचा, पावसाळा सरला की पुन्हा हात द्यायचा. आम्हीसुद्धा लहानपणी चुन्यात नीळ घालून भिंती सारवल्या आहेत, पण त्याला ‘लुक’ म्हणतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

परतताना रस्त्यालगत जुन्या सामानाचं एक दुकान दिसलं. दारं, खांब, तुळया, आणि भिंतीला टेकवलेली शिंपल्यांची झडप. मालकाने ती उलटी करून मागे एलईडीची पट्टी कशी बसवता येते ते दाखवलं. हॉटेलवाले म्हणे तशीच नेतात. वहिनीने भाव विचारला, ऐकला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, “नवीन होत नाहीत म्हणालात ना? मग ही कुठली?” कुठल्या तरी पाडलेल्या घराची, दुसरं काय. शिवाय खिडकीला भिंतीवर टांगून तिच्या मागे दिवा लावायचा, हे मला तरी झेपलं नाही. घेतली नाही.

घरी काय करायचं ते गाडीतच ठरलं. माजघरावर चार काचेची कौलं, आणि त्यांचा कवडसा पडतो त्या भिंतीवर आजीचा बेल्जियम आरसा, जो गेली कित्येक वर्षं कपाटामागे तोंड लपवून आहे. भिंतींना चुना. लाल कोबा उखडायचा नाही, नुसता घासून मेण लावायचं. आरामखुर्च्यांना नवा वेत; वेत विणणारा सावंतवाडीला मिळतो का, हे दादा बघतोय. सुताराला फक्त खिडक्या उतरवायचं काम आहे, जमिनीपासून दीड हातावर. तो थोडा हिरमुसला.

जाणार असाल तर चांदरला सकाळी जा, आणि आत फोटो काढण्याआधी विचारा. केप्याला जेवण हवं असेल तर आधी कळवावं लागतं. हाताशी आणखी वेळ असेल तर पर्वरीजवळ तोर्ड्याला जेरार्ड डिकुन्हा या वास्तुरचनाकाराने उभारलेलं ‘हाउसेस ऑफ गोवा’ संग्रहालय आहे, रस्त्याच्या मधोमध जहाजासारखं तिकोनी. खरं तर ते आधी बघावं आणि मग सासष्टीत उतरावं. आम्हाला ते वाटेवर असूनही गाठता आलं नाही, कारण म्हापशाला वहिनीला चवरीस (गोव्याचं सॉसेज) पाव खायचा होता.