हिरवळीखालची घरं

उत्खनन म्हटलं की सगळ्यांना खड्ड्यात उतरायचं असतं. आमच्या उद्यानातल्या उत्खननात मला खापरं धुवायला बसवलं, आणि आता कुणी खड्ड्यात बोलावलं तरी मी जागची हलत नाही. या कामाला पुरातत्त्वातली पदवी लागत नाही. बादली, जुना टूथब्रश आणि चिकाटी पुरते. ब्रश फुटक्या कडेवरून नीट फिरवायचा, कारण भाजलेल्या मातीचा रंग तिथेच दिसतो. काजळी मात्र घासायची नाही. त्या भांड्यात काय शिजलं, ते कदाचित तिच्यातूनच कळेल. आणि प्रत्येक ट्रेसोबत खड्ड्याचा आणि थराचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असलीच पाहिजे. ती हरवली की तुकडा कुठला, कुठल्या काळातला ते कळत नाही, आणि निळ्या नक्षीचा सुंदर तुकडासुद्धा नुसता शोभेचा उरतो. मेटल डिटेक्टर घेऊन गुपचूप उकरणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठीच.

उद्यानात फिरायला आलेली माणसं टेबलापाशी थांबतात आणि हमखास विचारतात, "पण इथे तर पहिल्यापासून बागच होती ना?"

या प्रश्नाला मी सेनेका व्हिलेजची गोष्ट सांगते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या पश्चिम कडेला ही वस्ती होती. 1825 साली अँड्र्यू विल्यम्स नावाच्या, बूट पॉलिश करणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणाने तिथले तीन भूखंड 125 डॉलरला घेतले. पाठोपाठ एका चर्चने जमीन घेतली आणि घरं वाढत गेली. जमिनीला तिथे आणखी एक मोल होतं: कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचं तर 250 डॉलरची मालमत्ता नावावर असावी लागे, गोऱ्यांना ही अट नव्हती. 1855 पर्यंत वस्तीत सव्वादोनशेच्या आसपास लोक होते. बहुसंख्य कृष्णवर्णीय, बाकी मुख्यतः आयरिश. तीन चर्च होती, शाळा होती. मग शहराला मोठं उद्यान हवं झालं. सक्तीने भूसंपादन झालं आणि 1857 मध्ये वस्ती उठली. त्या काळच्या वर्तमानपत्रांनी या लोकांना झोपड्यांतले घुसखोर ठरवलं होतं. खरेदीखतं असलेले घुसखोर!

2011 च्या उन्हाळ्यात तिथे खोदकाम झालं. एकदम फावडी घेऊन कुणी गेलं नव्हतं. आधी जुने नकाशे आणि जनगणनेच्या नोंदी चाळल्या, जमिनीखालचं दाखवणारा रडार फिरवला, परवानग्यांची वाट पाहिली. विल्यम गॉडफ्रे विल्सन हा तिथल्या चर्चचा सेवक. त्याच्या घराचा दगडी पाया हाती लागला. लोखंडी चहाची किटली, भाजायचं भांडं आणि लहान मुलाचा बूटही मिळाला. हाडाच्या दांड्याचा टूथब्रशही निघाला. मी टूथब्रशनेच खापरं घासत असल्यामुळे असेल, पण त्या किटलीपेक्षा हा दांडाच माझ्या डोक्यात बसलाय. दात घासणारी, चहा उकळणारी, पोरांना बूट घेणारी ही माणसं.

बागा केल्या म्हणून हे इतकं तरी टिकलं, ही त्यातली विचित्र गोष्ट. वर इमारत उभी राहिली असती तर तळघरासाठी खोदताना पाया उखडून गेला असता. हिरवळीसाठी बहुतेक ठिकाणी वरवरच जमीन हलवतात, कधी बाहेरून माती आणून पसरतात. त्या मातीखाली भिंती पडून राहतात आणि कडक उन्हाळ्यात चुगली करतात. दगडावरच्या पातळ मातीतलं पाणी आधी आटतं आणि तेवढंच गवत पिवळं पडतं. 2018 च्या कोरड्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थ या जुन्या वाड्याच्या हिरवळीवर सतराव्या शतकातल्या बागेचा अख्खा आराखडा असाच उमटला होता. गवत वाळलं म्हणून लगेच पाण्याचा पाइप सोडू नका. आधी उंचावरून एक फोटो काढा.

हाडं निघाली तर मात्र काम थांबवायचं, तज्ज्ञांना आणि अधिकाऱ्यांना कळवायचं, फोटो काढून मिरवायचं नाही. न्यूयॉर्कचंच वॉशिंग्टन स्क्वेअर 1797 ते 1825 या काळात गरिबांचं दफनस्थान होतं. 2009 मध्ये तिथे 1799 सालच्या मृत्यूची नोंद असलेला एक थडग्याचा दगड सापडला. त्यावर जेम्स जॅक्सन हे नाव होतं. बाकी हजारो माणसांना तेवढंही मिळालं नाही.

कामाला माणसं कमी नाहीत, पण सगळ्यांना नाणी आणि नक्षीदार चिनी माती हवी असते. खिळ्यांच्या ट्रेकडे कुणी फिरकत नाही. वास्तविक घराचं वय खिळे बऱ्यापैकी सांगतात. हाताने घडवलेला खिळा चारही बाजूंनी निमुळता होत जातो. यंत्राने पत्र्यातून कापलेला दोनच बाजूंनी निमुळता असतो, आणि तो एकोणिसाव्या शतकात सर्रास झाला. तारेचा गोल खिळा त्याच शतकाच्या शेवटी बाजार काबीज करतो. गंजाने सगळे सारखे दिसतात, म्हणून एकेक हातात घेऊन फिरवून बघावा लागतो. बोटं लाल होतात, पाठ धरते. पुढच्या फेरीला येणार असाल तर त्या ट्रेपाशी खुर्ची रिकामी आहे.