सिनॅप्स 1.0 च्या आधी: आमच्या मॅट्रिक्स सर्व्हरची वाटचाल

2018 च्या पावसाळ्यात आम्ही सहा मित्रांनी कामाच्या चर्चा आपल्याच सर्व्हरवर न्यायच्या ठरवल्या. मॅट्रिक्स म्हणजे वेगवेगळ्या सर्व्हरांवरच्या लोकांना एकमेकांशी चॅट करू देणारी खुली पद्धत. ती 2014 पासून खुली होती, पण सर्व्हरांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचं मानक अजून पक्कं नव्हतं. मॅट्रिक्सचा सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर, सिनॅप्स, तेव्हा 0.33 वर होता.

सर्व्हर तासाभरात चालू झाला. मागून येणाऱ्यांनी खरं थांबायचं ते त्याआधी, सेटिंगच्या फाइलीत सर्व्हरचं नाव लिहिताना. ते नाव प्रत्येकाच्या आयडीत जातं आणि नंतर बदलता येत नाही. आम्ही घाईत सबडोमेन, म्हणजे मूळ डोमेनच्या आधी जोडलेलं उपनाव, टाकलं, ते सगळ्यांच्या आयडीला कायमचं चिकटलं. तुम्ही मूळ डोमेनच द्या. सर्व्हर प्रत्यक्षात कुठे आहे ते डीएनएसमधल्या एसआरव्ही रेकॉर्डमधून किंवा डोमेनच्या वेबसाइटवर ठेवलेल्या वेल-नोन फाइलीतून सांगता येतं. सर्व्हर आपल्या संदेशांवर सही करतो ती किल्ली, म्हणजे साइनिंग की, त्याच दिवशी दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

पहिल्याच आठवड्यात मी मॅट्रिक्स एचक्यू या मोठ्या रूममध्ये शिरलो. मशीनला 2 जीबी रॅम. समोर मेमरीचा वापर दाखवणारं टॉप उघडं होतं, पायथनचा, म्हणजे सिनॅप्सचा, आकडा चढत गेला आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलने प्रोसेस मारून टाकली. तेव्हा रूममध्ये शिरताना तिची सगळी सदस्ययादी आणि स्थिती आपल्या सर्व्हरला आणून तपासावी लागायची, म्हणून हा भार. त्यात डेटाबेस एसक्यूलाइट, म्हणजे एका फाइलीत मावणारा. तो चाचणीपुरता ठीक आहे. माणसं येणार असतील तर पहिल्या दिवसापासून पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस घ्या. आम्ही नंतर हलवला, त्यात एक अख्खा रविवार गेला.

फेब्रुवारी 2019 मध्ये सिनॅप्सचं 0.99 आलं आणि 1.0 पासून स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट चालणार नाही हे नक्की झालं. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट घेतलं. मानक ठरत असताना सर्व्हर चालवायचा तर प्रत्येक रिलीजची अपग्रेड नोट शेवटपर्यंत वाचायलाच हवी. मी दर वेळी ती वाचूनच हात लावायचो, आणि त्यामुळेच जून 2019 मध्ये 1.0 वर जाताना कोणाचाही संवाद तुटला नाही.

रूमच्या नियमांचीही व्हर्जन असतात; जुन्या रूम मात्र पहिल्या व्हर्जनच्याच राहिल्या. त्यात सर्व्हरांचं एकमत बिघडलं की रूमची स्थिती मागे जायची, सोडून गेलेला माणूस पुन्हा सदस्य दिसायचा. म्हणून रूम अपग्रेड करून सगळ्यांना नव्या रूममध्ये बोलावलं. जुनीत आता लिहिता येत नाही, पण त्या पावसाळ्यातल्या गप्पा तिथे अजून वाचता येतात.