पहिल्या सेमिस्टरला मी नापास झाले, ते घरी सांगायला चार आठवडे लागले

सिडकोतलं आमचं घर माझ्या शिक्षणासाठी बँकेत तारण ठेवलं, त्या दिवशी पप्पांनी कंपनीतून अर्धी सुट्टी घेतली होती. सह्या झाल्यावर आम्ही दोघांनी मिसळ खाल्ली आणि ते सेकंड शिफ्टला गेले. घराबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मला मात्र त्या सह्या पुढे कितीतरी महिने दिसत राहिल्या.

आता सुट्टीत नाशिकला आलेय. आमच्या गल्लीतली एक मुलगी परवा फाइल घेऊन आली, तिलाही जर्मनीला जायचंय. तिचे सगळे प्रश्न कागदांचे होते. कागदांचं मी तिला सांगितलंच, इथेही लिहिते. पण जे मला जास्त जड गेलं ते तिने विचारलं नाही, आणि समोर तिची आई बसली होती म्हणून माझ्याही तोंडून निघालं नाही.

आधी कागद. निफाडला आजोबांचा द्राक्षबाग आहे. आम्हाला वाटलं, सातबारा दाखवला की कर्ज मिळेल. बँकेने शेतजमीन तारण घ्यायला साफ नकार दिला. पप्पांना तो अपमान वाटला. नकाराचं कारण मला नंतर कळलं. कर्ज थकलं तर बँका २००२ च्या सरफेसी कायद्याखाली तारण ताब्यात घेतात, आणि शेतजमीन त्या कायद्यातून वगळलेली आहे. म्हणजे बागेची किंमत कितीही असो, बँकेच्या दृष्टीने ते तारण कच्चं. मग राहिलं सिडकोचं घर. ते लीजवरचं, त्यामुळे गहाण ठेवायला सिडकोचा ना-हरकत दाखला, वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन असं एकेक करत दोन महिने गेले. कर्ज घेणार असाल तर प्रवेशपत्राची वाट न बघता घराची फाइल आधी काढा, एवढं नक्की सांगेन.

भारतीय पदवीची कागदपत्रं तपासून देणारं एपीएस प्रमाणपत्र १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी सक्तीचं झालंय. माझ्या वेळी त्याची फी १८,००० रुपये होती. शिवाय ब्लॉक्ड अकाउंट. वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच एका खात्यात भरायचे आणि तिथे गेल्यावर दर महिन्याला ठरलेला हप्ता आपल्याला मिळतो. मी २०२३ मध्ये गेले तेव्हा ही रक्कम ११,२०८ युरो होती, म्हणजे महिन्याला ९३४. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ झाली आहे. आमचे दहा लाखांवर रुपये एका फटक्यात गेले. व्हिसाच्या दिवशी पहाटे उठून पंचवटीने मुंबईला गेलो. फाइल पप्पांनी पूर्ण प्रवास मांडीवर धरली होती, वरच्या रॅकवर ठेवू दिली नाही.

सप्टेंबरच्या शेवटी मागदेबुर्गला पोचले. बर्लिनहून रेल्वेने दीड-दोन तास, एल्बे नदीकाठचं गाव. नदी पाहून पहिल्या दिवशी बरं वाटलं होतं.

पहिला महिना पत्त्याने खाल्ला. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही केलेलं पत्र लागतं. मी नाशिकहून ऑनलाइन ठरवलेल्या तात्पुरत्या खोलीच्या मालकाने ते पत्र द्यायचं नाकारलं. पत्र नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून मी निवडलेल्या बँकेत खातं उघडेना, आणि खातं नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटचा हप्ता सुटेना. सोबत आणलेल्या रोख युरोंवर मी पाच आठवडे काढले. खोली घेताना भाड्याच्याही आधी एकच प्रश्न विचारा, नोंदणीचं पत्र देणार का. पुढे वसतिगृहात जागा मिळाली तेव्हा टपालपेटीवर माझं आडनाव चिकटवायचं असतं हे मला माहीत नव्हतं. तिथे पोस्टमन खोली नंबर बघत नाही, नाव बघतो. नाव नसलं की पत्र परत जातं. आणि तिथला सगळा कारभार पत्रांवर चालतो, टॅक्स नंबरपासून बँकेच्या पिनपर्यंत. माझी दोन पत्रं परत गेली, तेव्हा शेजारच्या खोलीतल्या मुलीने स्वतःच्या हाताने माझं आडनाव लिहून पेटीवर लावलं. स्पेलिंग चुकलं होतं, पण पत्रं यायला लागली.

आई रोज रात्री साडेनऊला, जेवणं आवरली की फोन करायची. तिथे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे गेली आणि आईचा फोन पाचलाच यायला लागला, नेमका ट्युटोरियल चालू असताना. मी आईला वेळ बदलायला सांगितलं नाही. बाहेर पॅसेजमध्ये जाऊन ‘हो जेवले, हो थंडी आहे, हो सगळं छान’ एवढं बोलून परत यायची. डिसेंबरात चार वाजताच सूर्य मावळायचा. खिडकीबाहेर अंधार, फोनवर आमच्या स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट. आई म्हणायची, ‘दिवा तरी लाव गं.’ मी दिवा लावायची.

फेब्रुवारीत लेखी परीक्षा झाल्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात निकाल ऑनलाइन लागला आणि हीट ट्रान्सफरच्या, म्हणजे उष्णता कशी वाहते त्या विषयाच्या पेपरपुढे ५.० दिसलं. तिथे १.० सगळ्यांत वर, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. मी आयुष्यात कधी नापास झाले नव्हते. आमच्या अभ्यासक्रमात एका विषयाला तीनच संधी असतात. तिन्ही गेल्या तर विद्यापीठातून नाव कमी होतं आणि तोच अभ्यासक्रम तिथल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा घेता येत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. डोक्यात पेपर नव्हता, घराच्या सह्या झाल्या ती मुंबई नाक्याजवळची बँक होती.

आईला मी सांगितलं, ‘निकाल यायचाय अजून.’ चार आठवडे रोज तेच सांगत राहिले. पहिल्यांदा खोटं बोलण्यापेक्षा ते रोज सांभाळणं जास्त थकवणारं होतं. फोन लवकर ठेवायला लागले. मग आईला वाटायला लागलं की माझी तब्येत बिघडली आहे, आणि ती हळद घातलेल्या दुधाचं सांगायला लागली.

मार्चच्या शेवटी आपला तपासलेला पेपर बघायची वेळ दिली जाते, त्याला आइनझिश्ट म्हणतात. मी जाणारच नव्हते. माझ्या मनात होतं की पेपर बघायला जाणं म्हणजे मास्तरांवर संशय घेणं, मार्कांसाठी भांडायला जाणं. शेजारच्या त्याच मुलीने विचारलं, ‘बघितल्याशिवाय पुढच्या वेळी काय वेगळं लिहिणार?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खोलीत पाच-सहा टेबलं, प्रत्येकावर एकेक पेपर. अर्धा तास. मोठ्या गुणांचा प्रश्न असा होता: तापलेला जाड पोलादी ठोकळा तेलात बुडवला, ठरावीक वेळाने त्याच्या मध्यभागाचं तापमान किती? मी पाठ केलेलं सूत्र लावून, आकडेमोड करून, उत्तराखाली दोन रेघा मारल्या होत्या. आकडेमोडीत एक चूक नव्हती. पहिल्या ओळीशेजारी तांबड्या शाईने फक्त ‘बीआय?’ एवढंच लिहिलेलं. असिस्टंट जवळ आला आणि शांतपणे विचारलं, ‘हे सूत्र इथे चालतं असं तुम्ही कशावरून ठरवलं?’

बीआय म्हणजे बायोट नंबर. वस्तूच्या पृष्ठभागावरून उष्णता किती वेगाने निघून जाते आणि आतून पृष्ठभागापर्यंत किती वेगाने येते, यांची ती तुलना. तो ०.१ पेक्षा कमी असला तरच पूर्ण वस्तू एकाच तापमानाची धरता येते. मी लावलेलं सूत्र तेवढ्यापुरतंच खरं. माझ्या ठोकळ्याचा बायोट नंबर एकाच्याही वर निघत होता. कॉलेजात आम्हाला यायच्या त्या गणितांत तो नेहमी लहानच असायचा, म्हणून तो तपासायची ओळ मी कधी लिहिलीच नव्हती. असिस्टंटने मार्क वाढवले नाहीत आणि मी मागितलेही नाहीत. पण खोलीबाहेर पडले तेव्हा छातीवरचं ओझं थोडं उतरलं होतं, कारण माझी चूक आता मला बोट ठेवून दाखवता येत होती.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी दुकानात पांढऱ्या द्राक्षांचा अर्ध्या किलोचा डबा दिसला, लेबलवर देश भारत. त्या वर्षी लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून युरोपात येत होती, माल जास्त दिवस कंटेनरमध्ये राहत होता, आणि घरी जानेवारीपासून त्याच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. मी तिथूनच फोन लावला. पप्पांना सुट्टी होती, ते निफाडला होते. आजोबांनी फोन घेतला आणि पहिलं विचारलं, ‘देठ हिरवा हाये का?’ मी कॅमेरा डब्याजवळ नेला. देठ तपकिरी पडायला लागला होता. ‘मणी?’ मी एक दाबून दाखवला. ‘मणी टणक हाये. चालंल.’ एवढं बोलून त्यांनी फोन पप्पांकडे दिला.

पप्पांनी विचारलं, ‘काय गं, निकाल?’

आणि मी सांगून टाकलं. एक विषय राहिला, महिना झाला कळून, तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. भाजीच्या क्रेटजवळ उभी राहून मी रडत होते. पप्पा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘काय विचारलं होतं पेपरात?’

पप्पा नाशिकच्या अंबडला हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये, म्हणजे पोलाद तापवून तेलात गार करतात त्या विभागात, २६ वर्षं भट्टीवर आहेत. मी त्यांना ठोकळ्याचं सांगितलं. त्यांच्याकडे अशा तुकड्याला जॉब म्हणतात. ते लगेच म्हणाले, ‘अगं, जाड जॉब आहे ना तो? वरून काळा पडतो, आतून लालच असतो. दोन्हीकडे सारखं टेम्परेचर कसं धरशील तू? तेवढ्यानेच तर आमच्याकडे जॉबला तडे जातात.’ मग ते पुढे बोलतच राहिले. बारीक पिना तेलात टाकल्या की एका दमात गार होतात, मोठ्या शाफ्टला किती वेळ द्यावा लागतो, घाईत बाहेर काढला तर काय होतं. मी लहानपणापासून त्यांच्या कपड्यांना येणारा त्या तेलाचा, क्वेंचिंग ऑइलचा, वास ओळखते. ते त्या भट्टीसमोर नक्की काय करतात हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

घराचा विषय मीच काढला. ‘हप्त्याचं माझ्यावर सोड,’ म्हणाले. ‘तू महिनाभर एकटी बसलीस हे बरं नाही केलंस.’ आईला मात्र राग आला. नापास झाल्याचा नाही, हळदीच्या दुधाचा. दोन दिवस ती नीट बोलली नाही, तिसऱ्या दिवशी साडेनऊला फोन आला. तेव्हा मी तिला माझं पूर्ण टाइमटेबल पाठवलं आणि फोनची वेळ बदलून घेतली.

जुलैत तो पेपर पुन्हा दिला. अभ्यासासाठी, मी काम करायचे त्या बेकरीतल्या तीन संध्याकाळच्या पाळ्यांतली एक सोडली, महिन्याचा हिशोब ओढाताणीचा झाला. दर आठवड्याला एक गणित पप्पांना तोंडी सांगायचे. त्यांना इंटिग्रेशन येत नाही, पण उत्तर अशक्य असेल तर ते लगेच ओळखतात. ‘एवढ्या वेळात एवढा जॉब गार होणारच नाही, परत बघ.’ मी परत बघायचे आणि कुठेतरी दशांशचिन्ह चुकलेलं सापडायचं. परीक्षेत प्रत्येक उत्तराच्या पहिल्या ओळीत मी काय गृहीत धरलंय ते लिहिलं. २.३ मिळाले.

आता थीसिस राहिलाय. परवा ती मुलगी फाइल घेऊन बसली होती तेव्हा पप्पा शिफ्टवरून आले, हातपाय धुतले, चहा घेतला आणि तिला म्हणाले, ‘पेपरात आधी बायोट काढायचा, बरं का.’ तिला आर्किटेक्चरला जायचंय. तिने मान डोलावली आणि फाइलच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.